तुझं काय म्हणणं आहे?

मित्रहो, आणि ज्यांच्यासमोर आजही उभं राहूनच बोलावंसं वाटतं असे आमचे सर आणि बाई,

स्मरणिकेसाठी लेख हवा म्हणून संपादक मंडळाचा फोन आला, तेव्हा मी सवयीने पुढची तारीख मागितली. दोनदा मागितली. तिसऱ्यांदा आपला संपादक वर्गमित्र म्हणाला, "आता एकतर्फी निकाल देतो. तुझ्या नावाखाली कोरं पान छापतो." मग मुकाट्याने लिहायला बसलो.

विषयही त्यानेच दिला. "तू आयुष्यभर घटनेचा वकील म्हणून मिरवलास. म्हणजे नेमकं काय केलंस, ते एकदा आम्हाला कळेल अशा मराठीत सांग." त्याचा प्रश्न रास्त आहे. गावी आलो की लोक बांधाचं भांडण, भावाभावांची वाटणी, चेक परत गेल्याची केस घेऊन येतात. मी यातलं काही करत नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. माझ्या आईलाही हे कोडं फार दिवस सुटलं नव्हतं. शेवटी तिने आपल्यापुरतं उत्तर शोधलं. शेजारणींना सांगायची, "त्याच्याकडे खुनाच्या केसेस येत नाहीत. तो सरकारशी भांडतो."

आईची व्याख्या बरोबर होती. कुणाचं कंट्रोलचं दुकान बंद केलं, कुणाची बढती अडवली, कुणाचं जातीचं प्रमाणपत्र नाकारलं, कुणा सरपंचाला अपात्र ठरवलं, कुणा शाळेचं अनुदान थांबवलं. असा सरकारी कागद हातात पडला की माणूस राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करतो. सरकारने हा निर्णय घेतला तो कायद्याने घेतला का, एवढाच तिथे प्रश्न असतो. या शाखेला प्रशासकीय कायदा म्हणतात. त्याची मुळं घटनेत आहेत, म्हणून आम्हाला घटनेचे वकील म्हणतात. प्रत्यक्षात आमचं आयुष्य घटनेपेक्षा टिपणी, शेरा, आवक-जावक आणि ‘कारणे दाखवा’ नोटीस यांतच जास्त जातं.

१९७८ साली मला सनद मिळाली. तेव्हापासूनच्या वकिलीत मी जे काही शिकलो, त्यातलं निम्मं आपल्या हेडमास्तरांच्या खोलीत आधीच शिकून झालं होतं. आज त्याबद्दल लिहायचं आहे. आणि ते शिकलेलं मी एकदा विसरलो, त्याबद्दलही.

पेटीचा भाता

१९६८ सालचा शाळेतला गणेशोत्सव काहींना आठवत असेल. आरतीच्या आदल्या दिवशी शाळेच्या पेटीचा भाता फाटलेला सापडला. पेटी आदल्या संध्याकाळी मी आणि माझ्या बाकावरच्या मित्राने उचलून ठेवली होती. वर्गशिक्षकांनी चौकशी न करता आम्हा दोघांना दिवसभर व्हरांड्यात उभं केलं आणि पेटीची भरपाई घरून आणायला सांगितली. दुपारी हेडमास्तर फेरीला निघाले. आम्हाला पाहून थांबले आणि खोलीत बोलावलं. एकेकट्याला.

त्यांनी विचारलेलं वाक्य मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं. "तुझं काय म्हणणं आहे?" मी रडत रडत काहीतरी सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. "असंच म्हणालास ना?" मग मित्राला विचारलं. मग शिपाईमामांना बोलावलं. मामा म्हणाले, "साहेब, त्या खोलीत उंदीर किती झालेत ते मी दोनदा सांगितलं." पेटी उलटी करून पाहिली, तर आत उंदराच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या पुठ्ठ्याचा भुगा. भरपाई टळली. सरांनी वर्गशिक्षकांना आमच्यासमोर एक शब्दही सुनावला नाही. नंतर खोलीत काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही.

सनद मिळाल्यावर पेढे घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. ते तेव्हा निवृत्तीला आले होते. त्या दिवशी त्यांनी स्वतःची हकीकत सांगितली. १९३८ साली हैदराबाद संस्थानात वंदे मातरम् चळवळ झाली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत मुलं प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणत. निजाम सरकारने ते बंद करायला सांगितलं, मुलांनी ऐकलं नाही, तेव्हा त्यांना कॉलेजातून काढून टाकलं. त्यातल्या अनेकांना पुढे नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच. आपले सरही त्यांतलेच. सर म्हणाले, "शिक्षा झाली त्याचं वाईट वाटलं नाही. गाणं तर म्हटलंच होतं. पण सूचनाफलकावर कागद लागला आणि त्यात माझं नाव होतं. मला कुणी काही विचारलंच नाही. ते लागलं."

म्हणून त्यांनी हेडमास्तर झाल्यावर ठरवलं होतं की विचारल्याशिवाय कुणाला शिक्षा करायची नाही. आम्हाला तो त्यांचा स्वभाव वाटायचा.

एक जून आणि ओरिसाच्या डॉक्टरबाई

आता थोडा कायद्याचा इतिहास. कंटाळा येणार नाही अशा बेताने सांगतो.

‘दुसऱ्याची बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये’ हे तत्त्व फार जुनं आहे. त्याला नैसर्गिक न्याय म्हणतात. पण बरीच वर्षं ते न्यायालयांपुरतं आणि न्यायालयासारखं काम करणाऱ्या मंडळांपुरतंच मानलं जाई. अधिकारी ‘प्रशासकीय’ निर्णय घेतो तेव्हा त्याने कुणाला विचारण्याची गरज नाही, असा साधारण समज होता. शिक्षा न्यायाधीशाने दिली तर आधी विचारायचं आणि कलेक्टर कचेरीने दिली तर नाही, असा हा अजब भेद होता. भोगणाऱ्याला त्यातला फरक कळणं अवघड.

हा भेद १९६७ साली एका डॉक्टरबाईंच्या केसमध्ये मोडला. ओरिसा सरकारच्या सेवेत डॉ. बीनापाणी देई नावाच्या असिस्टंट सर्जन होत्या. त्यांची नोकरीतली जन्मतारीख चुकीची आहे, असं सरकारने ठरवलं, ती मागे नेली आणि त्यांना निवृत्त करून टाकलं. कोणत्या पुराव्यावरून ही तारीख ठरवली, ते त्यांना दाखवलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आदेशाला प्रशासकीय म्हणा किंवा आणखी काही म्हणा, त्याने माणसाच्या हक्कांवर परिणाम होणार असेल, तर त्याला पुरावा दाखवला पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे.

ही केस मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आपल्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आठवलं. आपल्या वर्गातल्या किती जणांचा वाढदिवस एक जूनला येतो, ते मोजून पाहा. गुरुजींनी वडिलांना विचारलं, "पोरगा कधीचा?" वडील म्हणाले, "मोठा पाऊस झाला त्या साली." गुरुजींनी शाळेत घालण्यापुरतं वय बसवलं आणि एक जून लिहून टाकलं. पुढे त्याच एका ओळीवर नोकरीची दोन-तीन वर्षं इकडची तिकडे झाली. माझ्याकडे जन्मतारखेच्या केसेस इतक्या आल्या की बायको म्हणायची, जोशीबुवांकडे जायच्या कुंडल्या तुमच्याकडे कशा येतात.

दोन वर्षांनी, १९६९ साली, क्रायपाक केसचा निकाल लागला. भारतीय वनसेवेसाठी जम्मू-काश्मीरमधल्या अधिकाऱ्यांची निवड होत होती. निवड मंडळावर तिथले कार्यवाह मुख्य वनसंरक्षक होते, आणि उमेदवारांच्या यादीतही तेच होते. स्वतःचं नाव आलं तेव्हा ते बाहेर जाऊन बसले, पण प्रतिस्पर्ध्यांची नावं आली तेव्हा आत होते. सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. स्नेहसंमेलनात वेशभूषेचा परीक्षक स्वतः स्पर्धेत उतरला तर आपण काय म्हटलं असतं? न्यायालय तेच म्हणालं, जरा लांब करून म्हणालं.

आणखी एक केस माझी लाडकी आहे, कारण ती आपल्या मुंबईची आहे आणि निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस नागपूरचे. गोरधनदास भानजी यांना अंधेरीत सिनेमाघर बांधायची परवानगी पोलीस आयुक्तांनी १९४७ साली दिली. लोकांनी तक्रारी केल्या. मग आयुक्तांनी पत्र पाठवलं की सरकारच्या निर्देशावरून आपणास कळवण्यात येते की परवानगी रद्द. खटला चालला तेव्हा आयुक्त म्हणाले की तो निर्णय माझाच होता. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आदेशात जे लिहिलं आहे तेच वाचायचं, साहेबांच्या मनात काय होतं ते नंतर येऊन सांगायचं नाही. शिवाय कायद्याने अधिकार आयुक्तांना दिला आहे, तर डोकंही आयुक्तांनीच चालवायला हवं. वरून सांगितलं म्हणून सही करणं म्हणजे निर्णय घेणं नव्हे. आपल्यापैकी जे मोठ्या खुर्चीवरून निवृत्त झाले, त्यांना या वाक्याचा अर्थ मी सांगायला नको.

आणीबाणी ते मनेका

१९७५ च्या जूनमध्ये औरंगाबादच्या माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयात मी प्रवेशाचा अर्ज भरला, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला आणीबाणी आली. घटनेतले मूलभूत हक्क आम्ही वर्गात शिकत होतो आणि बाहेर ते स्थगित होते. मिसाखाली धरलेल्या माणसांना का धरलं, ते कुणी सांगायला बांधील नव्हतं. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी, त्यात आपलं मुंबई उच्च न्यायालयही होतं, स्थानबद्धांची याचिका ऐकली जाऊ शकते असं म्हटलं. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरच्या केसमध्ये चार विरुद्ध एक मतांनी ती दारं बंद केली. त्या चारांत आपले पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. विरोधात एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढे सरन्यायाधीशपद डावलून त्याची किंमत त्यांच्याकडून वसूल केली गेली. २०१७ साली खाजगीपणाच्या हक्काच्या निकालात तो जुना निकाल रद्द ठरवण्यात आला, आणि तसं लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. मुलाने वडिलांचा निकाल चूक ठरवला, आणि तसं करण्यात कुणाला अनादर वाटला नाही. न्यायसंस्थेबद्दल मला आदर वाटतो तो अशा गोष्टींमुळे.

मी शेवटच्या वर्षाला असताना, २५ जानेवारी १९७८ रोजी, मनेका गांधी केसचा निकाल आला. सत्ताबदल झाला होता. १९७७ च्या जुलैमध्ये नव्या सरकारने मनेकाबाईंचा पासपोर्ट जमा करायला लावला आणि कारण विचारलं तर ‘जनहितासाठी’ कारण सांगणार नाही म्हणून कळवलं. काल ज्यांना कुणी विचारलं नव्हतं त्यांचं राज्य होतं, आणि आज त्यांनीही विचारलं नाही. सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की कायद्यात लिहिलेली कोणतीही कार्यपद्धती चालणार नाही, ती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, आणि म्हणणं ऐकून घेणं हा तिचा भाग आहे. गंमत अशी की सरकारने सुनावणीची तयारी दाखवल्यामुळे त्या दिवशी पासपोर्टबद्दल वेगळा आदेश झालाच नाही. तत्त्व मात्र सगळ्यांच्या कामाला आलं. पासपोर्ट कधी न पाहिलेल्या कितीतरी कोतवालांसाठी आणि अंगणवाडीताईंसाठी मी मनेकाबाईंचा निकाल वाचून दाखवला आहे.

मनमाडला गाडी बदलून

सनद घेऊन मी मुंबईला गेलो. उच्च न्यायालयाची ती दगडी इमारत त्या वर्षी शंभर वर्षांची झाली होती. मी एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर होतो, आणि मराठवाड्याचं आलेलं गिऱ्हाईक आपोआप माझ्याकडे यायचं, कारण त्यांची भाषा मला समजायची.

आपला भाग १९५६ पर्यंत हैदराबादच्या न्यायालयाखाली होता. भाषावार प्रांतरचनेत तो मुंबई राज्यात आला आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाला जोडला गेला. विदर्भाला नागपूरचं खंडपीठ मिळालं, आपल्याला काही मिळालं नाही. आपल्या लोकांनी मीटरगेजच्या गाडीने रात्रभर मनमाडपर्यंत जायचं, तिथे उतरून मोठ्या गाडीत शिरायचं, आमदार निवासात ओळखीच्या आमदाराच्या खोलीत सतरंजीवर पडायचं, आणि सकाळी कोर्टात गेल्यावर कळायचं की बोर्ड पुढे सरकलाच नाही. धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी तीन दिवसांची बांधून आणलेली असायची, चौथ्या दिवशी माणूस परत जायचा. कित्येक जण पुन्हा यायचेच नाहीत. त्यांची बाजू कायद्याने ऐकली जाऊ शकत होती, पण तिकिटाच्या पैशांपुढे ती पोचत नव्हती.

मराठवाड्यातल्या वकिलांनी आणि नागरिकांनी खंडपीठाची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. अखेर मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्यपुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली आदेश काढला आणि २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले. त्या आदेशालाही आव्हान दिलं गेलं. मुंबईत उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, मग १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. म्हणजे न्याय मागायची जागा कुठे असावी, यासाठीही आधी न्याय मागावा लागला. मी बिऱ्हाड आवरून औरंगाबादला आलो. (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे.) पहिल्या वर्षीचे पक्षकार मला आठवतात. सकाळच्या एसटीने यायचे, संध्याकाळी घरी. एक म्हातारे शेतकरी सुनावणीनंतर म्हणाले, "वकीलसाहेब, केस हरली तरी चालंल, पण आज ऐकताना पाहिलं जज्जसाहेबाला." गेल्या वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा तिकडच्या सहा जिल्ह्यांतल्या लोकांना काय वाटलं असेल ते आपल्याला कळू शकतं.

आपल्या सर-बाईंसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पूर्वी खाजगी शाळेतल्या शिक्षकाची नोकरी बरीचशी संस्थाचालकांच्या मर्जीवर असे. १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्तींचा कायदा १९८१ मध्ये लागू झाला, शाळा न्यायाधिकरणं आली. शिक्षकाला काढायचं तर तीन जणांची चौकशी समिती, त्यात एक संस्थेचा, एक शिक्षकाने निवडलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षक. ही समिती नीट नेमली नाही म्हणून किती शिक्षक परत वर्गात गेले, त्यातले काही या स्मरणिकेचे वाचक असतील.

चौदा पोती गहू

आता जी गोष्ट लिहायची म्हणून हा लेख लिहायला मी दोन तारखा मागितल्या, ती.

१९९१ पासून काही वर्षं मी सहायक सरकारी वकील होतो. म्हणजे आईच्या भाषेत, सरकारकडून भांडत होतो. त्यात कमीपणा काही नाही. सरकारलाही वकील लागतो आणि सरकार पुष्कळदा बरोबर असतं.

१९९४ साली एका गावच्या कंट्रोल दुकानदाराची याचिका आली. तपासणीत दुकानात चौदा पोती गहू कमी भरला म्हणून त्याचा परवाना रद्द झाला होता. त्याचं म्हणणं होतं की मी खुलासा दिला होता, तो वाचलाच नाही, आणि मला बोलावलंही नाही. सरकारच्या प्रतिज्ञापत्रात होतं की खुलासा मिळालेला नाही. त्याच्याकडे खुलाशाची पोच नव्हती.

या विषयावरचा कायदा मला पाठ होता. १९८० साली नवी दिल्ली नगरपालिका समितीच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की न ऐकणं हेच नुकसान, वेगळं नुकसान दाखवायची गरज नाही. पण एक अपवाद ठेवला होता. वस्तुस्थिती कबूल असेल आणि तिच्यातून एकच निष्कर्ष निघत असेल, तर सुनावणी घेऊनही काही फरक पडणार नाही. १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस केसमध्ये महापालिकेने हाच मुद्दा मांडला होता की फुटपाथवर झोपडी आहे हे कबूल आहे, मग विचारायचं काय? न्यायालयाने तो फेटाळला. माणसाला विचारण्याला स्वतःचं असं मोल आहे, असं सांगितलं. तरी शेवटी सर्वोच्च न्यायालयातच सुनावणी झाली असं धरून पावसाळ्यानंतर, ३१ ऑक्टोबरनंतर, झोपड्या हटवायला परवानगी दिली. म्हणजे तत्त्व जिंकलं आणि झोपडी गेली. तो निकाल दोन्ही बाजूंना वापरता येतो, हे मला ठाऊक होतं.

मी अपवादावर बोट ठेवलं. पोती कमी होती, हे अर्जदाराला मान्य आहे. त्याला बोलावलं असतं तरी निकाल तोच लागला असता. मी चांगला बोललो. याचिका फेटाळली गेली. बाहेर आल्यावर दोन सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. दुकानदार भिंतीला टेकून उभा होता, त्याने मला नमस्कार केला. तो नमस्कार का केला, हे मला आजवर कळलेलं नाही.

२००९ साली त्याचा मुलगा माझ्या ऑफिसात आला. वडील वारले होते. गावात त्यांना ‘गहूचोर’ म्हणत, आणि हा मुलगा तो शब्द ऐकत मोठा झाला होता. माहितीच्या अधिकारात त्याने जुनी फाईल मागवली होती. तेवीस पानं होती. त्यातल्या एका पानावर त्याच्या वडिलांचा खुलासा होता, वर आवक क्रमांक आणि शिक्का, तारीख आदेशाच्या नऊ दिवस आधीची. अतिवृष्टीत दुकानाचं छत गळायला लागलं, म्हणून चौदा पोती मारुतीच्या देवळाच्या ओवरीत हलवली होती. सोबत तलाठ्याचा पंचनामा जोडलेला होता. तपासणीला आलेल्या माणसाने ओवरीत पाहिलं नव्हतं. खुलासा कुणीतरी फाईलला लावला आणि टिपणीत घ्यायचा राहून गेला.

हे उंदीरच होते. फक्त या वेळी पेटी उलटी करून कुणी पाहिली नाही. प्रतिज्ञापत्र ज्या कचेरीने केलं तिची चूक तर होतीच. पण ती फाईल सुनावणीच्या दिवशी माझ्या टेबलावर होती. मी वरची चार पानं वाचली होती. आवक नोंदवही मागवली नव्हती. आणि ‘विचारलं असतं तरी फरक पडला नसता’ असं मी न्यायालयाला ठासून सांगितलं होतं. विचारलं असतं तर सगळाच फरक पडला असता.

मुलगा भांडायला आला नव्हता. त्याने विचारलं, "आता काही होईल का?" पंधरा वर्षं उलटली होती, याचिकाकर्ता हयात नव्हता, परवाना दुसऱ्याच्या नावावर होता. काही होण्यासारखं नाही, हे मी त्याला खरं तेच सांगितलं. मग त्याने विचारलं, "निदान लिहून द्याल का?" मी माझ्या लेटरहेडवर लिहून दिलं की हा खुलासा आदेशापूर्वी कचेरीत पोचला होता, सरकारी वकील म्हणून मी तो पाहायला हवा होता, मी पाहिला नाही, आणि न्यायालयाला चुकीचं सांगितलं. खाली सही केली. त्याने ते दोनदा वाचलं, घडी करून पिशवीत ठेवलं. चहा घेतला नाही. त्या कागदाचं त्याने पुढे काय केलं, मला माहीत नाही.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. बाजू कुणाचीही असो, फाईल शेवटच्या पानापासून वाचायला घेतो. ज्युनिअर हसतात. कारण कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो आहे, कारण ज्या खोलीत मी हे शिकलो ती तुम्हीही पाहिली आहे.

जाता जाता

मित्रहो, आपण सगळे आता सत्तरीच्या पुढे-मागे आहोत. आपल्यातले बहुतेक जण कधी ना कधी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहेत. कुणी शिक्षा भोगली, कुणी शेरा मारला. आपल्या नातवंडांतलं कुणी आता तहसीलला आहे, कुणी बँकेत, कुणी शाळेवर. त्यांना माझ्याकडून दोन गोष्टी सांगा. अर्ज कुठेही द्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका. आणि खुर्चीवर असाल, तर सही करण्याआधी समोरच्याला विचारा. उत्तर माहीत आहे असं वाटत असेल, तेव्हा तर नक्कीच विचारा.

हेडमास्तर सर आज नाहीत. मेळाव्याला शाळेत जाऊ तेव्हा त्यांची खोली उघडी असेल तर मी क्षणभर दारात थांबणार आहे. आत या म्हणाले असते, आणि मी बसायच्या आधी त्यांनी विचारलं असतं. या वेळी माझ्याकडे सांगायला बरंच आहे, आणि सगळंच माझ्या बाजूचं नाही.